शुल्काच्या कागदावरची पगाराची ओळ

प्रति,
राज्यातील खाजगी विनाअनुदानित शाळांच्या पालक-शिक्षक संघांच्या कार्यकारी समित्यांवरील सर्व पालक सदस्य

सादर नमस्कार.

नाशिक जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, इंग्रजी माध्यमाच्या विनाअनुदानित शाळेत मी सोळा वर्षे पाचवी ते आठवीच्या वर्गांना गणित आणि विज्ञान शिकवले. जून २००८ मध्ये रुजू झाले आणि एप्रिल २०२४ मध्ये बाहेर पडले. शाळेचे नाव आणि माझे नाव येथे लिहीत नाही, कारण माझ्या काही सहकारी शिक्षिका आजही तेथे शिकवत आहेत आणि या पत्राचा जाच त्यांना होऊ नये अशी माझी इच्छा आहे. शिवाय मला जे सांगायचे आहे ते एका शाळेपुरते नाही. बी.एड.च्या वर्गातल्या माझ्या मैत्रिणी निरनिराळ्या तालुक्यांतल्या खाजगी शाळांत लागल्या आणि आम्ही भेटलो की प्रत्येकीची हकिकत थोड्याफार फरकाने तीच असे.

शिक्षकांच्या पगाराविषयीची पत्रे सहसा मंत्रालयाच्या किंवा शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या पत्त्यावर जातात. आम्हीही पूर्वी अशी दोन निवेदने दिली होती. त्यांची पोच माझ्याकडे आहे. हे पत्र मात्र मी विचारपूर्वक आपल्याला लिहीत आहे. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ या कायद्यानुसार व्यवस्थापनाला शुल्काचा प्रस्ताव, नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी, संबंधित कागदपत्रांसह आपल्या समितीपुढे ठेवावा लागतो. मुख्याध्यापक अध्यक्ष, एक पालक उपाध्यक्ष, एक शिक्षक सचिव, दोन पालक सहसचिव आणि प्रत्येक इयत्तेचे एकेक पालक व एकेक शिक्षक अशी ही समिती असते, आणि एकदा ठरलेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षे लागू राहते. शुल्क ठरवताना ज्या गोष्टी पाहायच्या त्यांत पात्र शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी आणि त्यांचे वेतन यांचा समावेश कायद्यानेच केलेला आहे. म्हणजे आपण शिक्षकांना किती पगार देतो असे जे शाळा सांगते, तो आकडा शुल्काच्या हिशोबात लेखी स्वरूपात ज्यांच्यापुढे येतो, ते आपण आहात.

२०२२ च्या डिसेंबरात तो कागद मी पाहिला. त्या वर्षी मी समितीची सचिव होते. सचिवपद मला मिळाले ते मुख्याध्यापिकांनी एके दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये येऊन ‘तुमचे नाव लिहिते आहे’ असे सांगितले म्हणून. बैठक ग्रंथालयात होती. प्रस्तावाच्या दुसऱ्या पानावर वार्षिक खर्चाचा तक्ता होता आणि त्यात ‘शिक्षक वेतन’ या ओळीसमोर १,०८,००,००० रुपये असा आकडा होता. शिक्षकसंख्या २४. पालकांनी जवळजवळ तासभर बसच्या मार्गांवर चर्चा केली, मग पिण्याच्या पाण्याच्या यंत्रावर, मग स्नेहसंमेलनाच्या वेगळ्या वर्गणीवर. या साऱ्या गोष्टी रास्त होत्या, त्यांविषयी माझी तक्रार नाही. शेवटी एका पालकांनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारले, की एवढा पैसा पगारावरच जातो का. संस्थेच्या प्रतिनिधींनी सांगितले, की चांगले शिक्षक टिकवायचे तर पैसे मोजावेच लागतात. ते पालक माझ्याकडे वळले आणि अगदी सहज, आपुलकीने म्हणाले, “बरोबर आहे ना मॅडम?”

मी म्हणाले, “हो सर.”

१,०८,००,००० ला २४ ने भागले की ४,५०,००० येतात आणि त्याला १२ ने भागले की महिन्याला ३७,५०० रुपये. हा भागाकार मी तेथे बसल्याबसल्या वहीच्या समासात केला होता. मला त्या वेळी महिन्याला १६,००० रुपये मिळत होते आणि शाळेतल्या जुन्या शिक्षिकांमध्ये तो सर्वांत चांगला पगार समजला जाई. प्राथमिकच्या मुली ९,००० ते ११,००० वर शिकवत होत्या. बैठकीचे इतिवृत्त मी लिहिले. ‘वेतनावरील खर्चाबाबत पालक सदस्यांनी शंका विचारली, तिचे निरसन करण्यात आले’ हे वाक्य माझ्या अक्षरात आहे आणि त्याखाली माझी सही आहे. ज्या पालकांनी तो प्रश्न विचारला, त्यांच्या मुलीला मी त्याच वर्षी सातवीत शिकवत होते. त्यांना मी खोटे उत्तर दिले, याची बोच मला अजून आहे, आणि हे पत्र लिहिण्याचे तेच पहिले कारण आहे.

ही तफावत कशी निर्माण होते हे आपल्याला माहीत असणे आवश्यक आहे. आमच्यापैकी ज्या जुन्या होत्या, त्यांच्या बँक खात्यात कागदावरचे पूर्ण वेतन जमा होई. जमा झाल्याचा संदेश आमच्या मोबाइलवर येई आणि दोन-तीन दिवसांत दुसरा संदेश येई, तो आम्हाला द्यायच्या पगाराहून जास्तीची रक्कम काढल्याचा. खाते उघडतानाच आमच्याकडून कोऱ्या धनादेशांवर सह्या घेऊन ते पुस्तक कार्यालयातल्या कपाटात ठेवून घेतलेले होते. मैत्रिणींच्या काही शाळांत एटीएम कार्डच ठेवून घेतात, काही शाळांत शिक्षकांनी स्वतः पैसे काढून पाकिटात घालून दर महिन्याच्या सात तारखेच्या आत कार्यालयात नेऊन द्यायचे असतात. आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलींना पगार रोखीनेच मिळे आणि त्या ज्या व्हाउचरवर सही करत, त्यावरचा आकडा भरायचा राहिलेला असे. मे महिन्याचा पगार बहुतेकींना मिळत नसे, कारण नियुक्तीचा आदेश जूनमध्ये नव्याने निघे आणि तो अकरा महिन्यांचा असे.

कायदा नाही म्हणून हे घडते, असे मात्र नाही. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ हा कायदा मान्यताप्राप्त खाजगी शाळांना लागू आहे, मग त्यांना शासनाचे अनुदान मिळत असो वा नसो. हे त्याच्या तिसऱ्याच कलमात लिहिलेले आहे. १९८१ च्या नियमावलीत वेतनश्रेणी आहे, भत्ते आहेत, नियुक्तीच्या आदेशाचा नमुना आहे, रजा आहेत. रिक्त जागेवर रीतसर नेमलेल्या शिक्षकाचा परिवीक्षेचा, म्हणजे सुरुवातीच्या पारखणीचा, काळ संपला की तो कायम होतो, हे आहे. बी.एड. झालेल्या माध्यमिक शिक्षकाचे अनुदानित शाळेतील मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ३८,६०० रुपयांपासून सुरू होते. अनुदानित शाळेत नुकत्याच लागलेल्या माध्यमिक शिक्षणसेवकाचे मानधन जानेवारी २०२३ पासून १८,००० रुपये झाले. एवढ्यात भागत नाही असे हे शिक्षणसेवक म्हणतात आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. सोळा वर्षे शिकवून मी शाळा सोडली तेव्हा माझ्या हाती १७,५०० रुपये येत होते.

त्याच कायद्याच्या सातव्या कलमाविषयी थोडे विषयांतर करून सांगते. राजीनामा द्यायचा झाल्यास कर्मचाऱ्याने पत्र दोन प्रतींत तयार करावे, दोन्ही प्रतींवर सही करून तारीख घालावी, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाला पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी, असे त्यात आहे. साध्या राजीनाम्यासाठी कायदा करणाऱ्यांना एवढे बारकाईने का लिहावे लागले, हे मला रुजू झाल्याच्या दिवशीच कळले, कारण त्या दिवशी माझ्याकडून दोन कागदांवर सह्या घेण्यात आल्या. पहिला रुजू झाल्याचा अहवाल होता आणि दुसरा राजीनामा, ज्यावर तारखेची जागा मोकळी होती. बी.एड.चे मूळ प्रमाणपत्रही ‘पडताळणीसाठी’ ठेवून घेतले, ते मला सोळा वर्षांनी परत मिळाले. १९७७ साली ज्या प्रकाराला आळा घालण्यासाठी हे कलम लिहिले गेले असावे, तो प्रकार मी २००८ मध्ये माझ्या हाताने केला, कारण माझ्यामागे त्याच खुर्चीसाठी आणखी अकरा जणी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या.

शिक्षक तक्रार का करत नाहीत, असा प्रश्न आपल्याला पडेल. कामावरून काढले, तर तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. परंतु ज्याला काढलेले नाही, ज्याला रोज शिकवायचे आहे आणि ज्याला फक्त ठरलेला पगार हवा आहे, त्याच्यासाठी ही वाट नाही. कामगार न्यायालयाची वाटही बंद आहे. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली असे ठरवले, की शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नाही. तो मुलांना घडवतो, त्यामुळे त्याचे काम अंगमेहनतीचे, तांत्रिक किंवा कारकुनी काम ठरत नाही. आमच्या कामाविषयी न्यायालयाने काढलेले हे उद्गार आदराचे आहेत आणि मी ते आदरानेच वाचले. पण त्या आदरामुळे कारखान्यातल्या मजुराला असलेले दार आम्हाला उरले नाही. राहते ते शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करणे. अर्ज केला की चौकशीसाठी शाळेकडून खुलासा मागवला जातो आणि खुलाशासोबत आमच्याच सह्यांची पगारपत्रके जोडली जातात.

आता कामाविषयी. ‘शिक्षकांना सुट्ट्या किती असतात’ हे वाक्य पालक सभेत मी अनेकदा ऐकले आहे, म्हणून हे लिहिणे भाग आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत शिक्षकाचे काम आठवड्याला ४५ तास सांगितले आहे आणि त्या ४५ तासांत पाठाची तयारीही धरलेली आहे. माझी शाळा सकाळी सातला हजेरीच्या यंत्रावर बोट ठेवल्यापासून दुपारी अडीचला शेवटची बस सुटेपर्यंत असे, आठवड्याचे सहा दिवस. तेवढ्यानेच ४५ तास पुरे होतात. रोज आठ तासिकांपैकी सात माझ्या असत आणि जी एक मोकळी असे, ती कोणीतरी रजेवर असल्यामुळे सहसा दुसऱ्या वर्गावर जाई. माझ्याकडे चार तुकड्या होत्या, प्रत्येकीत ४८ मुले. आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाची गणिताची वही तपासायची म्हटली आणि एका वहीला केवळ दोन मिनिटे दिली, तरी १९२ वह्यांना सहा तासांहून अधिक लागतात. ते सहा तास मी घरी, स्वयंपाक उरकल्यावर काढत असे. यू-डायस प्लस या शासनाच्या शाळाविषयक संकेतस्थळावरची माहिती, ‘अपार’ या विद्यार्थी-ओळख क्रमांकासाठी पालकांची संमतिपत्रे, आधारवरची नावे आणि शाळेच्या नोंदवहीतली नावे जुळत नसतील तर त्यांचा पाठपुरावा, हे वर्गशिक्षिकेचे काम. पालकांचा व्हॉट्सॲप गट रात्री साडेदहापर्यंत जागा असे आणि उत्तर दिले नाही तर दुसऱ्या दिवशी कार्यालयात बोलावणे येई.

एप्रिल-मे मधले काम तर आपण कदाचित आपल्या दारात पाहिलेही असेल. प्रत्येक शिक्षिकेने किमान पाच नवे प्रवेश आणायचे, असे आम्हाला सांगितलेले असे. दुपारच्या उन्हात आम्ही दोघी-दोघी जणी पत्रके घेऊन नव्या वसाहतींतून फिरायचो. एका घरात माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीने दार उघडले. ती तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने मला आत बोलावून पाणी दिले, तिच्या आईने चहा केला आणि त्या दोघींपुढे मला पत्रक पिशवीतून बाहेर काढवले नाही. ज्यांचे पाच प्रवेश पुरे झाले नाहीत, त्यांच्या जूनच्या पगारातून काही रक्कम थांबवून ठेवली जाई.

करोनाच्या काळाविषयी एवढेच सांगते, की एप्रिल २०२० पासून आम्हाला निम्मा पगार मिळाला आणि शाळा पुन्हा भरल्यावरही त्या काळातला उरलेला निम्मा पगार आला नाही. शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये त्या वर्षीच्या शुल्कात १५ टक्के सवलत द्यायला सांगितले, ती पालकांसाठी योग्यच होती. कार्यालयात मात्र त्या निर्णयाची प्रत आमच्या थकबाकीचे उत्तर म्हणून दाखवली गेली.

एवढ्या पगारात घर चालत नाही, म्हणून शिक्षिका संध्याकाळी शिकवण्या घेतात. मीही घेतल्या. शिक्षणहक्क कायद्याचे अठ्ठाविसावे कलम शिक्षकाला खाजगी शिकवणी घेण्यास मनाई करते आणि त्यामागचा विचार मला मान्य आहे: जो शिक्षक संध्याकाळी पैसे घेऊन शिकवणार, तो सकाळी वर्गात हातचे राखून शिकवील ही शंका अगदीच निराधार नाही. पण ही मनाई ज्या कायद्यात आहे, त्याच कायद्याने शिक्षकाला ठरलेले वेतन मिळेल असेही गृहीत धरले आहे. दुसरे पाळले गेले असते, तर पहिले मोडण्याची वेळ माझ्यावर आली नसती. सकाळी सातपासून उभी असलेली बाई रात्री साडेआठला आपल्या जेवणाच्या खोलीत नऊ मुलांना समीकरणे शिकवते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला तुमच्या मुलासमोर उभी राहते, तेव्हा तिच्यात किती शिल्लक असते, याचा विचार आपणही करावा.

याचा मुलांशी संबंध कसा येतो, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ‘शिक्षक सारखे का बदलतात’ हा प्रश्न प्रत्येक पालक सभेत येतो. २०१८ ते २०१९ या एका वर्षात आमच्या शाळेतल्या पाचवीच्या एका तुकडीला इंग्रजीच्या चार शिक्षिका झाल्या. पहिली जिल्हा परिषदेच्या भरतीच्या तयारीसाठी गेली, दुसरीला दुसऱ्या शाळेने हजार रुपये जास्त देऊ केले, तिसरीचे बाळंतपण आले आणि तिला परत बोलावलेच नाही. चौथी आली ती फेब्रुवारीत. सहावीत ती मुले माझ्याकडे विज्ञानाला आली, तेव्हा उत्तरे लिहिताना त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पूर्ण वाक्य जुळवता येत नव्हते. त्यांना विज्ञान समजत होते, ते तोंडी नीट सांगत, पण कागदावर उतरत नव्हते. त्यांच्या पालकांनी शिकवण्या लावल्या. म्हणजे शाळेला भरलेल्या शुल्कातून जो पैसा शिक्षिकेपर्यंत पोहोचला नाही, त्याची भरपाई पालकांनी दुसऱ्यांदा आपल्या खिशातून केली.

आणि टिकलेला शिक्षक वर्गाला काय देऊ शकतो, हेही मी पाहिले आहे. सातवीत ऋण संख्या शिकवताना ‘ऋणाचे ऋण धन का होते’ हे मला पहिली कित्येक वर्षे नीट सांगता येत नव्हते. मी संख्यारेषा काढायची, मुले माना हलवायची आणि चाचणीत चुकायची. माझ्या नवव्या की दहाव्या वर्षी, किराणा दुकानदाराचा एक मुलगा फळ्याकडे बघत म्हणाला, “मॅडम, आमच्या दुकानातल्या वहीत उधारी लिहिलेली असते. पप्पांनी कुणाची पन्नासची उधारी खोडली, तर त्याला पन्नास रुपये मिळाल्यासारखेच झाले ना?” वर्गात क्षणभर शांतता झाली आणि मग मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, की तीन जणांची खोडली तर दीडशे. त्या दिवसापासून मी ऋण संख्या उधारीच्या वहीतूनच शिकवत आले आणि दरवर्षी तिच्यात काहीतरी भर पडत गेली: अर्धी उधारी खोडणे, उधारीवर उधारी. मी त्या शाळेत पहिल्या दोन वर्षांत कंटाळून निघून गेले असते, तर हे मला कधी सापडले नसते, आणि माझ्यानंतर आलेल्या मुलीने पुन्हा संख्यारेषेपासून सुरुवात केली असती. चांगले शिकवणे हे एकाच वर्गात, एकाच विषयाशी वर्षानुवर्षे झटून जमत जाते. नऊ हजारांवर आलेली आणि अकरा हजारांसाठी जाणारी हुशार मुलगी तेवढा काळ थांबत नाही. तिचा त्यात काहीही दोष नाही.

संस्थाचालकांची बाजूही मी जवळून पाहिली आहे आणि ती न सांगणे अन्यायाचे होईल. लहान गावांतल्या कितीतरी शाळा खरोखरच ओढाताणीत चालतात. पीक हातचे गेले की शुल्क थकते. शिक्षणहक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांवर प्रवेश घेतलेल्या मुलांच्या शुल्काची प्रतिपूर्ती शासनाकडून वर्षानुवर्षे उशिरा येते. ज्या शाळेचे शुल्कच वर्षाला आठ-दहा हजार आहे, ती शासकीय वेतनश्रेणी देऊ शकत नाही हे मला समजते. अशा शाळेने ‘आम्ही शिक्षकांना १४,००० देतो, याहून अधिक जमत नाही’ असे प्रस्तावात स्पष्ट लिहिले, तर ते नियमावलीत बसणार नाही, पण त्यात खोटे नसेल आणि त्यावर पालक, शिक्षक व संस्था एकत्र बसून काही मार्ग काढू शकतील. माझी तक्रार आहे ती १४,००० देऊन ३७,५०० लिहिण्याविषयी, आणि ते ३७,५०० पालकांकडून शुल्करूपाने वसूल करण्याविषयी. त्यात शिक्षक आणि पालक दोघांचीही एकाच कागदावर फसवणूक होते आणि पालक सभेत मात्र दोघे एकमेकांसमोर बसून ‘एवढी फी भरतो’ आणि ‘एवढे राबतो’ म्हणत राहतात.

ग्रॅच्युइटीचेही, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेचेही, असेच आहे. खाजगी शाळांतील शिक्षकांना ती मिळावी म्हणून संसदेने २००९ साली कायद्यात दुरुस्ती केली, ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू धरली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. सेवेच्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन, महिना सव्वीस दिवसांचा धरून. माझ्या हातात प्रत्यक्ष पडणाऱ्या १७,५०० वर हिशोब केला तरी सोळा वर्षांचे सुमारे १,६१,००० रुपये होतात. मला सांगण्यात आले, की माझी सेवा दर जूनला नव्याने सुरू होते, त्यामुळे ग्रॅच्युइटीसाठी लागणारी सलग पाच वर्षे कधी झालीच नाहीत. मी त्याविरुद्ध अर्ज केला आहे आणि त्याचे जे व्हायचे ते होईल. त्यासाठी मी आपल्याकडे मदत मागत नाही.

आपल्याकडे मागणे आहे ते असे. येत्या डिसेंबरात आपल्यापुढे प्रस्ताव येईल तेव्हा ‘शिक्षक वेतन’ या ओळीवर थांबावे, तिला शिक्षकसंख्येने आणि बाराने भागावे आणि जो आकडा येईल तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. दोन वर्षांहून अधिक काळ शिकवणारे शिक्षक किती आणि त्यांपैकी कायम किती, हे विचारावे. भविष्य निर्वाह निधीच्या मासिक चलनावर किती कर्मचाऱ्यांची नावे आहेत, हे पाहावे आणि ती संख्या प्रस्तावातल्या संख्येशी ताडून पाहावी. बँकेची विवरणपत्रे मागून फारसे हाती लागणार नाही, कारण त्यांत पूर्ण पगार जमा झालेलाच दिसेल. त्याऐवजी व्यवस्थापनाकडून एक लेखी निवेदन घ्यावे, की कोणत्याही शिक्षकाचे धनादेश पुस्तक, एटीएम कार्ड, मूळ प्रमाणपत्र किंवा सही केलेला कोरा अथवा तारीख नसलेला कागद शाळेच्या ताब्यात नाही, आणि हे निवेदन शुल्काच्या प्रस्तावाचा भाग म्हणून जोडून ठेवावे. जी शाळा हा व्यवहार करत नाही, तिला असे निवेदन देण्यास पाच मिनिटेही लागणार नाहीत, आणि अशा शाळा आहेत हे मला ठाऊक आहे.

शाळा सोडून गेलेल्या शिक्षिका बहुधा आपल्याच गावात राहतात. त्यांच्यापैकी एखादीला घरी बोलावून विचारले, तर तिला बोलता येईल. बैठकीत मात्र सचिव म्हणून इतिवृत्त लिहीत बसलेल्या शिक्षिकेकडे वळून, सर्वांसमोर, “बरोबर आहे ना मॅडम?” असे कृपया विचारू नका.

आपली,
सोळा वर्षे आपल्या मुलांना शिकवलेली एक शिक्षिका